कै. नारायण वामन टिळक व मंडळीची झोंप

तारीख ९ मे. या दिवशीं सोनईच्या पेठेंत लग्नसराईची गर्दी असते, घोडेगांवच्या बाजारांत कांद्यास काय भाव फुटला याची विचारपूस चाललेली असते, आणि १९१९ सालीं याच तारखेस मुंबईंत नारायण वामन टिळक वारले ही गोष्ट कोणाच्या ध्यानींमनींहि नसते. टिळकांची कविता आमच्यांतील पुष्कळांनीं मराठी शाळेंत पाठ केलेली आहे. फुलांमुलांचे कवि म्हणून त्यांचें नांव घरोघर आहे. ते ख्रिस्ती झाले होते हेंहि बहुतेकांस ऐकून माहीत असतें. परंतु ख्रिस्ती झाल्यानंतर बावीस वर्षांनीं, वय उतरणीस लागलें असतां, ते ख्रिस्ती मंडळीसच झोंपेंतून उठविण्याकरितां बाहेर पडले, आणि त्या कामीं त्यांनीं आपली भाकरी पणास लावली, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक आहे. आणि आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठी हकीकत हीच आहे.

सोनईच्या पत्रानें या विषयांत कां पडावें, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, हा विषय परक्या मुलखांतला नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ च्या डिसेंबरांत अहमदनगरास येऊन राहिले. आपल्या नेवासें तालुक्यांत वडाळा बहिरोबा येथें त्यांचें ठाणें झालें आणि डॉ. सॅम्युएल फेअरबँक यांनीं तेथें आयुष्याचा मोठा भाग घालविला. सोनई, चांदा, घोडेगांव हीं गांवें त्याच फिरतीच्या टापूंत येतात. टिळक राहुरीस बिऱ्हाड करून राहिले होते. ती राहुरी आमच्या शेजारची. ज्या नेवाशांत ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या मुलखांत ज्ञानोबा-तुकोबांची भाषा ख्रिस्ताच्या पायीं वाहणारा हा कवि परका म्हणून बाजूस ठेवणें आम्हांस तरी शोभत नाहीं.

त्यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं एका चित्पावन घराण्यांत झाला. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली. वडील सरकारी नोकरींत आणि स्वभावानें करडे. आई लवकर गेली आणि मुलाचें घर तेथेंच संपलें. तो नाशकास आला. गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेंत थोडेंच दिवस काढले. बाकीचें स्वतःच्या खटपटीनें मिळविलें. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही त्यांची पत्नी झाली तेव्हां ती अकरा वर्षांची होती. हीच पुढें लक्ष्मीबाई टिळक. त्यानंतरचीं दहा-बारा वर्षें म्हणजे नुसती भ्रमंती. आज मास्तरकी, उद्यां कीर्तन, परवां आणखी कांहीं. पायांस भिंगरी आणि खिशांत कांहीं नाहीं. या भ्रमंतीचें कौतुक करण्याची चाल आहे. आम्हांस त्या कौतुकांत फारसें मन घालतां येत नाहीं, कारण तिची किंमत घरांत राहिलेल्या बाईनें भरली.

१८९१ च्या सुमारास ते नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास होते. संस्कृत ग्रंथांचें संपादन आणि ऋषि नांवाचें मासिक हीं त्यांचीं तेथलीं कामें. जातिभेद देशास बुडवीत आहे आणि एखादा नवा धर्म काढल्यावांचून हिंदुस्थानचा उद्धार नाहीं, असे विचार त्या वेळीं त्यांच्या डोक्यांत घोळत होते. अशा मनःस्थितींत ते राजनांदगांवास जावयास आगगाडींत बसले असतां त्याच डब्यांतील एका गोऱ्या गृहस्थाशीं काव्याच्या गोष्टी निघाल्या. उतरतांना त्या गृहस्थानें नव्या कराराची प्रत हातांत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळकांस तें हास्यास्पद वाटलें असल्यास नवल नाहीं. पण पुस्तक उघडून ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तें त्यांच्यानें खालीं ठेववेना. पुढें मुंबईचे डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार झाला. हेच ॲबट पुढें आपल्या संतांचीं चरित्रें व वाङ्मय इंग्रजींत नेण्यासाठीं झटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो विधि रे. तुकारामजी नथोजी या देशी पाळकांच्या हातून झाला, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे.

येथें आमच्यांतला वकील मध्यें बोलल्यावांचून राहत नाहीं. धर्म बदलल्यानें मनुष्याचा वारसा बुडूं नये म्हणून १८५० चा २१ वा कायदा होता. तसाच १८६६ चा २१ वा कायदा होता, त्यावरून ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास, त्याच्या धर्मांतरामुळें बायकोनें सहा महिने त्याचा त्याग केला तर, कोर्टांत जाऊन, वर्षभराची मुदत काढून, विवाह मोडून घेतां येत असे. लक्ष्मीबाई धर्मांतराच्या वार्तेनें वेड्यासारख्या झाल्या होत्या. माहेरचीं व आप्तांचीं माणसें त्यांस घेऊन पंढरपुरास गेलीं; मुलगा दत्तू त्यांच्याजवळ. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें टिळकांची बाजू पुरी होती. त्यांनीं ती वाट धरली नाहीं. जवळजवळ पांच वर्षें ते पत्रें लिहीत, कविता धाडीत आणि वाट पाहत राहिले. शेवटीं लक्ष्मीबाई नगरास आल्या त्याहि एकदम एका घरांत नव्हेत. वेगळें बिऱ्हाड, वेगळी चूल, वेगळें पाणी, असा सोवळ्याचा संसार त्यांनीं चालविला, आणि टिळकांनीं तो चालूं दिला. बायकोस बाटविण्याची घाई नवऱ्यानें केली नाहीं.

आणि मग ज्या गोष्टीसाठीं मोठमोठे ग्रंथ लिहिले जातात ती गोष्ट त्या न शिकलेल्या बाईच्या मनांत आपोआप घडली. जात देवानें केली कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःशींच सोडविला; माणसानें केली असें ठरल्यावर परजातीच्या हातचें पाणी त्या प्याल्या. तो त्यांचा खरा बाप्तिस्मा. मंडळींतला विधि १९०० सालीं झाला. स्मृतिचित्रें या त्यांच्या ग्रंथांत हें सारें अशा साधेपणानें आलें आहे कीं, वाचणाऱ्यास आपलीच आजी बोलत आहे असें वाटावें.

जातीची ही बाब दुसऱ्याच्या घरची म्हणून आम्हांस सांगतां येत नाहीं. १ जानेवारी २०१३ रोजीं आमच्या सोनईच्याच शिवारांत मेहतर समाजाचे तीन तरुण मारले गेले. जातीबाहेरचें प्रेम हें त्याचें मूळ ठरलें, आणि २०१८ सालीं नाशिकच्या न्यायालयानें सहा जणांस फांशीची शिक्षा फर्माविली. लक्ष्मीबाई ज्या घोटभर पाण्यापाशीं थबकल्या होत्या आणि मग पुढें गेल्या, त्या पाण्यापाशीं शंभरांवर वर्षांनीं आम्ही कोठें उभे आहों, हें ज्यानें त्यानें आपल्या घरांत पाहावें. परक्या मंडळीच्या झोंपेवर लिहितांना एवढें आधीं बोलणें आम्हांस भाग होतें.

आतां त्या मंडळीकडे येऊं. टिळक नगरास आले, डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकवूं लागले, १९०४ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. त्यांनीं जवळून पाहिलेली मंडळी कशी होती? बहुतेक लोक महार व मांग समाजांतून आलेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मिशनांनीं हजारों अनाथ मुलें सांभाळलीं, वाढविलीं, त्यांस सुतारकाम, विणकाम शिकविलें. ज्यांस गांवच्या विहिरीवर पाय ठेवण्याची बंदी त्यांच्या मुलांच्या हातांत मिशनच्या शाळेनें पाटी दिली. या कामाचें मोल कमी करणारा मनुष्य आम्ही कृतघ्न समजतों. आमच्या राष्ट्रीय पक्षांतील पुष्कळांनीं त्या काळीं मिशनरी म्हटला कीं फक्त शिव्या दिल्या. आणि मिशननें ज्यांस शिकविलें त्यांस स्वतः शिकविण्यास मात्र ते गेले नाहींत.

पण जेथें पोट भरतें तेथें डोळा लागतो, हाहि अनुभव आहे. गांवचा शिक्षक मिशनच्या पगारावर, उपदेशक मिशनच्या पगारावर, बायकांत पुस्तक वाचून दाखविणारी बाई मिशनच्या पगारावर. रविवारीं मंडळी जमावयाची, अमेरिकेच्या चालीवर बसविलेलीं गीतें म्हणावयाचीं, उपदेश ऐकावयाचा, घरीं जावयाचें. नवी शाळा उघडावी कीं जुनी बंद करावी याचा हिशेब अखेर बोस्टन शहरांतील कचेरींत व्हावयाचा. तेथें वर्गणी आटली कीं येथें खेड्यांतला मास्तर कमी व्हावयाचा. बंगल्यांतले साहेब मायबाप, आणि आपण त्यांचीं लेंकरें, हीच भावना अंगवळणी पडली होती. साहेब बहुधा सज्जन होते, यांतच अडचण होती. दुष्ट धन्याविरुद्ध मनुष्य लवकर जागा होतो, दयाळू धन्याच्या सावलींत त्यास गाढ झोंप लागते. आमच्या व्यापारी वाचकांस हें निराळ्या रीतीनें सांगण्याची गरज नाहीं. वडिलांच्या गंगाजळीवर चालणारें दुकान बाहेरून कधींच आजारी दिसत नाहीं.

या झोंपेची जाणीव त्या काळीं एकट्या टिळकांस झाली असें नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ त बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें कित्येक वर्षांनीं आपल्यास ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता अशी कबुली त्यांनींच लिहून ठेवली. १९०५ च्या जूनमध्यें त्यांच्या केडगांवच्या मुक्ति सदनांत जी प्रार्थनेची लाट उठली ती प्रसिद्ध आहे. वेल्समध्यें १९०४ सालीं अशी लाट आली होती, मग खासी टेंकड्यांत आली, मग केडगांवीं. शेंकडों मुली रात्र-रात्र प्रार्थना करीत, रडत, पापें कबूल करीत. महाराष्ट्रांतील अनेक मिशनांत तो आवेश पसरला. त्याच वर्षीं २५ डिसेंबरास बंगालमध्यें श्रीरामपुरास हिंदी ख्रिस्ती लोकांनीं हिंदी माणसें, हिंदी पैसा आणि हिंदी कारभार या तत्त्वावर आपली राष्ट्रीय मिशनरी संस्था काढली. १९१० सालीं एडिंबरोच्या जागतिक परिषदेंत तमिळ देशाचे अझरायाह उभे राहिले आणि तुम्ही आम्हांस पुष्कळ दिलें, आतां मैत्री द्या, अशा आशयाचें मागणें त्यांनीं पाश्चात्त्य मिशनरींपुढें मांडलें. वंगभंगाच्या चळवळीचें वारें देशांत वाहत होतें. तें देवळांच्या भिंतींनीं थांबलें नाहीं.

टिळकांची रीत केडगांवच्या रीतीहून वेगळी होती. त्यांनीं मंडळीस रडविण्यापेक्षां गाववयास लावलें. ख्रिस्ती कीर्तनाचा पाया नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं आधींच घातला होता, आणि त्यांचें श्रेय टिळकांच्या पदरांत टाकणें अन्यायाचें होईल. पण टिळकांच्या हातीं अभंग आला आणि सर्व पालटलें. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत. त्यांनीं ख्रिस्तास माउली म्हटलें, गुरु म्हटलें, सखा म्हटलें. पंढरीच्या वाटेवर जी भाषा शतकानुशतकें चालली होती तिलाच त्यांनीं दुसऱ्या देवळाचें दार उघडून दिलें. टाळ-मृदंग मंडळींत आले. परक्या चालींवर ओढूनताणून बसविलेले शब्द म्हणणारा मनुष्य आपल्या आईच्या बोलींत देवाशीं बोलूं लागला म्हणजे त्याच्या चेहऱ्यांत जो फरक पडतो तो ज्यानें पाहिला असेल त्यासच कळेल. उपासना-संगीत या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहांत टिळकांचीं पदें शेंकड्यांनीं आहेत. ख्रिस्ताचें चरित्र ओंवींत सांगणारें ख्रिस्तायन त्यांनीं आरंभिलें. १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे आलें. हें पत्र नगरास १८४२ सालीं निघालें होतें. त्या पत्रांत बसून त्यांनीं हिंदी ख्रिस्ती मनुष्यानें हिंदी राहावें, हा एकच विषय नाना तऱ्हांनीं मांडला. घरीं त्यांनीं कवि घडविले. बालकवि ठोंबरे त्यांच्या घरच्या मुलासारखे राहिले होते.

घराविषयीं एक शब्द. टिळकांच्या हातांत पैसा टिकत नसे. पगार झाला कीं तो संध्याकाळपर्यंत भिकारी, विद्यार्थी, अनाथ पोर, पुस्तकें यांत वांटला जाई, आणि लक्ष्मीबाईंस दुसऱ्या दिवशींच्या पिठाची चिंता उरे. रस्त्यावरचीं पोरकीं मुलें ते घरीं आणीत. वाढवावीं लागत लक्ष्मीबाईंस. साधुत्वाचा हा भाग चरित्रकार हंसत सांगतात. आम्हीहि हंसतों, मात्र टिळकांच्या जागृतीचा अर्धा खर्च स्वयंपाकघरानें सोसला हें खातें लिहिलेलें राहावें.

१९१७ साल उजाडलें. टिळक पंचावन्न-छप्पन्न वर्षांचे. नांव महाराष्ट्रभर, मिशनमध्यें मान, महिन्याचा पगार. मनुष्य या वयांत पेन्शनीचा हिशेब करतो. टिळकांनीं मिशनची नोकरी सोडली. पगार नको, पद नको, यापुढें देव देईल तें खाऊं, असा त्यांचा निश्चय झाला. त्यांनीं यास संन्यास म्हटलें. पण तो अरण्यांत पळून जाण्याचा संन्यास नव्हता, बायकामुलांचा त्यागहि नव्हता. ज्या व्यवस्थेनें आपणास पोसलें तिच्याच आधारानें तिला जागें करतां येणार नाहीं, हें त्यांस उमगलें होतें. मिशनरींशीं त्यांचें भांडण प्रेमाचें होतें. पण पगार खाऊन स्वावलंबनाचा उपदेश करणारा उपदेशक ऐकणाऱ्यास पटत नाहीं, ही अडचण प्रेमानें सुटणारी नव्हती.

ते साताऱ्यास गेले. साताऱ्याची निवड कशी झाली असेल हें महाराष्ट्रीयास सांगावयास नको. छत्रपतींची गादी तेथें आणि रामदासांचा सज्जनगड जवळ. तेथें त्यांनीं देवाचा दरबार या नांवाचा एक मेळा उभा केला. दरबार शब्दहि नेमका निवडलेला. राजा ख्रिस्त, बाकी सर्व त्याच्यासमोर बसणारे, कोणी कोणाचा साहेब नाहीं. या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेले येतील तसे न घेतलेलेहि येतील. ज्यानें ख्रिस्तास गुरु मानलें तो आंत, मग त्याचें नांव कोणत्या मंडळीच्या पटावर असो वा नसो. ख्रिस्ती होण्यासाठीं आपली भाषा, आपले लोक, आपला देश सोडण्याची अट दरबारांत नव्हती. १८९५ सालीं टिळकांनीं स्वतः ती किंमत पुरी भरली होती, म्हणून ती दुसऱ्याकडून वसूल होऊं नये असें म्हणण्याचा त्यांचा अधिकार मोठा होता.

टीका चहूंकडून झाली. बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ती कसा, हा मंडळीचा प्रश्न होता आणि तो आम्ही पोरकट समजत नाहीं. दाराशिवाय घर म्हणजे मैदान. सनातनी हिंदूंस वाटलें, मिशननेंच नवें सोंग आणलें. आमच्या राष्ट्रीय गोटांत कौतुक झालें, पण तें एका हुशार ब्राह्मणाचें अर्धे परत येणें म्हणून. हा समज टिळकांस जरूर झोंबला असता, कारण ते कोठेंहि परत चालले नव्हते. ज्या ठिकाणाहून ते बोलत होते तेथून मिशनची मंडळी आणि आमचें देवालय दोन्ही सारखींच निजलेलीं दिसत होतीं.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो टिळकांचे भक्त टाळतात. ब्राह्मणानें पगार सोडला तर तो त्याग; त्याच्याजवळ विद्या, नांव आणि शेंकडों वर्षांचें वजन उरतें. खेड्यांतला महार ख्रिस्ती मास्तर पगार सोडून कोठें जाणार? पुन्हां येसकरकीच्या भाकरीकडे? त्याच्या घरांत तो महिन्याचा पगार म्हणजे धर्माची लांच नव्हती. ताठ मानेनें मिळविलेला तो पहिला पैसा होता. त्यास आळशी, परावलंबी म्हणणें सोपें आहे. देवाच्या दरबारांत त्याची जागा मानाची होती यांत संशय नाहीं. पण दरबार सुटल्यावर तो ज्या गांवीं जाई त्या गांवच्या विहिरीचा प्रश्न तसाच राही. मंडळीच्या आंत जात खरोखर विरघळली काय, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहितांना परखडपणें विचारला आहे, आणि मिशनच्या शिकल्यासवरल्या लोकांनीं मागें राहिलेल्या भावांकडे पाठ फिरविल्याचा दोष त्यांनीं दिला आहे. टिळकांचा दरबार आणि आंबेडकरांचा प्रश्न हे दोन्ही एकत्र वाचल्यावांचून या विषयाचा निवाडा करूं नये असें आमचें मत आहे.

पगाराचें तें युग आतां संपलें. मिशनचे परदेशी लोक गेले. १९७० सालीं त्या मंडळ्या उत्तर भारतीय चर्चमध्यें सामील झाल्या आणि कारभार येथल्यांच्याच हातीं आहे. ख्रिस्ती झाल्यानें आज कोणास पैसा मिळत नाहीं. उलट अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यास १९५० च्या राष्ट्रपतींच्या हुकुमानें मिळत नाहींत. शीख धर्मीयांस त्या १९५६ सालीं आणि बौद्धांस १९९० सालीं मिळाल्या. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. म्हणून कागदावर एक धर्म आणि रविवारीं दुसरा, असे संसार आमच्या जिल्ह्यांत उभे राहिले आहेत. दाखल्याच्या कामासाठीं वकिलाकडे येणाऱ्या बापाच्या तोंडावरचा संकोच आम्हीं पाहिला आहे. त्यास ढोंगी म्हणण्याचें धाडस आमच्यानें झालें नाहीं. टिळकांचा प्रश्न त्याच्यापुढें उलटा होऊन आला आहे: तेव्हां विश्वास राखल्यानें भाकरी मिळे म्हणून तो निजे, आतां विश्वास उघड केल्यानें भाकरी जाते म्हणून तो लपतो.

टिळकांस दरबार चालविण्यास दोन वर्षेंहि पुरीं मिळालीं नाहींत. प्रकृति ढांसळली. देशांत १९१८ च्या इन्फ्लुएंझानें घरें ओसाड केलीं होतीं, १९१९ च्या एप्रिलांत अमृतसरास गोळ्या चालल्या होत्या, आणि त्यानंतर महिना भरण्याच्या आंत मुंबईच्या इस्पितळांत टिळकांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहास अग्नि देण्यांत आला. ज्या मंडळीत मृतास पुरण्याचीच रीत, तिच्या एका दीक्षित पाळकाची चिता पेटली. हा त्यांचा मंडळीस शेवटचा धक्का.

दरबार त्यांच्यामागें टिकला नाहीं. तो एका मनुष्याच्या तेजावर उभा होता; घटना नाहीं, निधि नाहीं, पुढचा माणूस तयार केलेला नाहीं. संस्था काढणाऱ्यांनीं ही चूक ध्यानांत घ्यावी. पण बीज मेलें नाहीं. नगरास काम करणारे इंग्रज पाद्री जे. सी. विन्स्लो यांनीं १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ काढला. गोरे व हिंदी यांनीं एका पंक्तींत मांडी घालून जेवावें, खादी नेसावी, आश्रमासारखें राहावें, असा त्यांचा क्रम होता. याच विन्स्लोंनीं १९२३ सालीं टिळकांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें. या संघांत आलेला एक तरुण, व्हेरियर एल्विन, पुढें गांधीजींच्या सहवासांत गेला आणि मंडळी सोडून गोंडांच्या झोंपड्यांत राहिला. साताऱ्याच्या दरबाराचे धागे असे कोठच्या कोठें गेले.

आणि लक्ष्मीबाई. नवऱ्याच्या मागें सतरा वर्षें त्या जगल्या. १९३३ सालीं नागपुरास भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. स्मृतिचित्रें लिहूं लागल्या, तीं मराठी भाषेंत कायमचीं राहिलीं. टिळकांनीं थोडक्या अध्यायांवर टाकलेलें ख्रिस्तायन पुरें करण्याचें काम त्यांनीं उतारवयांत अंगावर घेतलें, आणि सोवळ्याच्या वेगळ्या चुलीपासून निघालेल्या या बाईनें एकामागून एक अध्याय रचीत तो ग्रंथ शेवटास नेला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या. ग्रंथ छापून बाहेर आला तो त्यांच्या पश्चात्.